मतदारांची यादी चावडीवर वाचून घ्या

धामणगांव रेल्वेच्या बाजारांत कापसाची बंडी घेऊन येणारा आमचा कास्तकार कागदाला भितो, असें कोणी म्हणत असेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. सातबाऱ्यावर दोन गुंठे कमी लिहिले गेले, किंवा धुऱ्याच्या शेजाऱ्याचें नांव चुकून आपल्या रकान्यांत पडलें, कीं हाच मनुष्य डवरणी बाजूला ठेवून तहसिलीची वाट धरतो. तलाठ्यास चार वेळां गांठतो, नक्कल काढतो, चष्मेवाल्या पोराकडून ती वाचून घेतो. पण त्यालाच विचारा, "बाबा, मतदारांच्या यादींत तुझें नांव कोणत्या भागांत आहे? सुनेचें चढलें काय? धाकटा अठराचा झाला, त्याचें?" तर उत्तर येतें, "असेलच कीं. मागच्या खेपेला होतें." ह्या "असेलच कीं" वर आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

ता. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं विधानसभेचें मतदान झालें. दिवस ऐन कापूस वेचणीचे. आम्ही एका खेड्यांतल्या शाळेपाशीं उभे होतों. एक बाई रोज बुडवून, ओटी सोडून आली. हातांत फोटोचें कार्ड होतें, तें कार्ड तिनें पदराच्या गांठींत जपून आणलें होतें. आंत गेली आणि थोड्या वेळानें तशीच बाहेर आली. नांव नव्हतें. कार्ड माहेरच्या गांवचें. लग्न होऊन तीन वर्षें झालेलीं. माहेरच्या यादींतून "लग्न होऊन गेली" म्हणून नांव कमी झालेलें, आणि सासरच्या यादींत तें कोणी चढविलेलें नाहीं. सासरा म्हणे, मुलानें करावयाचें होतें. मुलगा म्हणे, मला वाटलें आपोआप होतें. बाई कोणाला कांहीं बोलली नाहीं, वावराकडे परत गेली. त्या दिवसाची मजुरी गेली ती गेलीच.

कार्ड म्हणजे मत नव्हे, ही गोष्ट अजून पुष्कळांस ठाऊक नाहीं. कार्ड मनुष्य ओळखण्यापुरतें आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत ६२ वें कलम आहे. त्याप्रमाणें ज्याचें नांव यादींत नाहीं त्याला मत देण्याचा अधिकार नाहीं. संविधानाच्या ३२६ व्या कलमानें हक्क दिला हें खरें, पण तो हक्क बजावण्याचें दार म्हणजे ही यादी. म्हणून यादीचा इतिहास आमच्या लोकांनीं थोडा तरी समजून घ्यावा असें आम्हांस वाटतें, कारण ती यादी पूर्वीं कोणाची होती हें कळल्याशिवाय आज ती कोणाची आहे हें नीट कळत नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं, आपल्याकडे मतदारांची यादी जन्मली ती साऱ्याच्या वहीच्या पोटीं. १९१९ च्या सुधारणांच्या कायद्यानें प्रांतिक कौन्सिलांस निवडून आलेले सभासद मिळाले आणि १९२० च्या अखेरीस पहिल्या निवडणुका झाल्या. मतदार कोण? खेड्यांत ठराविक सारा भरणारा; शहरांत ठराविक भाड्याचें घर असणारा किंवा इन्कमटॅक्स देणारा; शिवाय पलटणींतून पेन्शन घेऊन आलेला शिपाई. म्हणजे यादी करावयास घरोघर फिरण्याची गरजच नव्हती. पटवाऱ्याचें दप्तर उघडलें कीं मतदार सांपडला. ज्याचें खातें मोठें त्याला मत. त्याच्या वावरांत राबणारा सालदार, बटाईनें पेरणारा, वखराचा फाळ लावून देणारा लोहार, बंडीचा आंस बसविणारा सुतार, मोट शिवणारा चांभार, हे सारे त्या दप्तरांत नव्हते, म्हणून राज्यांतही नव्हते. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत त्या वेळीं प्रांतिक मतदार पन्नास लाखांच्या थोडे वर भरले. एवढ्या अफाट देशांत एवढेच!

वऱ्हाडची आणखी एक गंमत होती, ती येथें सांगितली पाहिजे. वऱ्हाड हा कायद्यानें निजामाचा मुलूख. १९०२ च्या करारानें तो इंग्रजांनीं वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून कायमच्या पट्ट्यानें घेतला होता, आणि १९०३ पासून तो मध्यप्रांतास जोडून कारभार चाले. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानचा तो भाग नसल्यामुळें वऱ्हाडी मतदारानें निवडून दिलेला मनुष्य नागपुरच्या कौन्सिलांत थेट निवडलेला म्हणून बसूं शकत नसे. निवडणूक व्हावयाची, मतें पडावयाचीं, आणि मग सरकारनें त्याच मनुष्याची "नेमणूक" करावयाची! वर्धा नदीच्या पलीकडच्या खातेदाराचें मत म्हणजे मत, आणि अलीकडच्या धामणगांवच्या खातेदाराचें मत म्हणजे शिफारस. १९३५ च्या कायद्यानें दोन्ही भाग मिळून एक प्रांत धरला गेला, तेव्हां कोठें हा तिढा सुटला.

त्या काळीं जागांचा वाद फार गाजला. मुंबई इलाख्यांत मराठा व तत्सम जातींसाठीं सात जागा राखून ठेवाव्या लागल्या, इतकी बहुजनांस कौन्सिलाची वाट बंद होती. तो लढा आवश्यक होता, त्याविषयीं आम्ही वेगळें कांहीं म्हणत नाहीं. परंतु मागें वळून पाहतां एक गोष्ट टोंचते. जागा राखली तरी ती जागा भरणारी यादी आखूडच होती. खातेदाराच्या यादींतून निवडलेला मराठा किंवा कुणबी हा पुष्कळदां खातेदारांचाच प्रतिनिधी होई. ज्याच्याजवळ खातें नाहीं तो त्याच्या जातीचा असला तरी त्याच्या मतदारांत नसे. अस्पृश्य वर्गाची तर कथाच निराळी. सारा भरण्याइतकी जमीन त्यांच्यापाशीं येऊं दिली नव्हती, म्हणून मत नाहीं. आणि मत नाहीं, म्हणून कौन्सिलांत त्यांचा मनुष्य बसावयाचा तो सरकारी नेमणुकीनें. खुद्द जोतीराव फुले पुण्याच्या म्युनिसिपालिटींत बसले ते १८७६ सालीं सरकारनियुक्त म्हणून. मतांची पेटी त्यांच्या वांट्यास आली नाहीं.

ह्या यादीच्या मुळावर पहिला घाव कोणी घातला? १९१९ च्या जानेवारींत साउथबरो कमिटीपुढें डॉ. आंबेडकरांनीं साक्ष दिली, तेव्हां अस्पृश्यांसाठीं मताची अट खालीं आणावी असें त्यांनीं मांडलें. पुढें १९२८-२९ सालीं सायमन कमिशनपुढें त्यांनीं वयांत आलेल्या प्रत्येकास मत मागितलें. १९२८ च्या नेहरू रिपोर्टांतही प्रौढ मतदानाचीच मागणी होती. शहाण्यासुरत्या लोकांनीं तेव्हां मान हालविली होती कीं, अडाण्यांच्या हातीं मत देऊन काय होणार? आम्ही म्हणतों, पाऊस केव्हां पडेल, सावकार व्याज कसें लावतो, आणि कोणता पाटील खरा हें ज्याला कळतें, त्याला मत कोणाला द्यावें तेवढें मात्र कळत नाहीं, हा न्याय कोठला?

बायांचें काय झालें तें पाहा. १९१९ च्या नियमांत स्त्रिया वगळलेल्या होत्या; कौन्सिलानें ठराव केला तर त्यांस मत मिळावयाचें. मुंबईनें तसा ठराव १९२१ सालीं केला. १९३७ च्या निवडणुकींत बायांची संख्या वाढली, पण कशी? नवऱ्यापाशीं लायकी असली तर त्याची बायको म्हणून. शिपाई मेला असला तर त्याची पेन्शनवाली विधवा किंवा आई म्हणून. तिच्या स्वतःच्या कष्टांचा हिशेब त्या यादींत नव्हता. निंदण, वेचणी, राखण, सारें तिनें करावें, आणि मत मात्र नवऱ्याच्या साऱ्याच्या पावतीवर! त्या १९३७ सालीं साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत मतदार तीन कोटींच्या आसपास झाले. वाढ मोठी होती. तरी चावडीच्या पायरीवर बसणारा बाहेरच राहिला.

मग देश स्वतंत्र झाला आणि यादीचें मूळच पालटलें. संविधान मंजूर झालें तें २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं. पण यादी करण्याचें काम संविधान सभेच्या कचेरीनें त्याच्या पुष्कळ आधीं हातीं घेतलें होतें. १९४८ च्या मार्चमध्यें प्रांतांस सूचना गेल्या. १ जानेवारी १९४९ रोजीं एकवीस वर्षांचा असावा, आणि ३१ मार्च १९४८ ला संपणाऱ्या वर्षांत १८० दिवस त्या ठिकाणीं राहिलेला असावा, एवढीच अट. सारा विचारावयाचा नाहीं, शिक्षण विचारावयाचें नाहीं, जात विचारून वगळावयाचें नाहीं. फाळणींत घरदार सोडून आलेले निर्वासित १८० दिवस कोठून आणणार? त्यांनीं येथें राहण्याचा इरादा लिहून दिला कीं त्यांचेंही नांव घ्यावें, असें ठरलें. आम्हांस ही गोष्ट फार मोठी वाटते. ज्या सरकारी नोकरानें आजवर फक्त सारा वसूल करण्यासाठीं दारीं यावें, तो आतां दारीं आला तो नांव विचारावयास. आणि ज्याचें घर मोडक्या कुडाचें त्याच्याही दारीं आला.

त्या पहिल्या यादींत १७ कोटी ३२ लाख मतदार झाले. एक गोष्ट मात्र सलते. उत्तरेकडच्या कित्येक प्रांतांत बायांनीं स्वतःचें नांव परक्या पुरुषास सांगितलें नाहीं. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढेंच लिहून घेतलें गेलें. पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं हट्ट धरिला कीं स्वतःचें नांव दिल्याशिवाय कोणी मतदार होणार नाहीं. आठ कोटींच्या आसपास बायांपैकीं अठ्ठावीस लाखांचीं नांवें ह्या कारणानें गळालीं. सेन यांचा मुद्दा योग्य होता असेंच आमचें मत आहे. कोणाची तरी बायको ही मतदार नव्हे, बाई ही मतदार. पण शिक्षा झाली ती नांव न सांगण्याची शिकवण देणाऱ्या घराला नव्हे, तर त्या बाईला.

आणि आपल्या घरांत आज काय आहे? आमच्याकडे सून घरांत आली कीं कित्येक ठिकाणीं तिचें नांवही बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरें, आधारावर तिसरें, आणि नवरा हाक मारतो तें चवथें. यादी करणारा गुरुजी किंवा अंगणवाडीची बाई दारीं आली कीं सासरा ओसरीवरून एक नांव सांगतो. पुढें कागद जुळत नाहीं, म्हणून अर्ज पडून राहतो. अठ्ठावीस लाख बायांचीं नांवें गेलीं तें वाचून आपण हळहळतों, परंतु आपल्या ओसरीवर तेंच थोड्या निराळ्या रीतीनें चाललें आहे. पोरीचें नांव बदलण्याची हौस आधीं सोडा, अशी आमची स्पष्ट सूचना आहे.

डॉ. पंजाबराव देशमुखांचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतलें आहे. पापळच्या कुणब्याचा हा मुलगा १९३० सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलांत निवडून गेला आणि मंत्री झाला. तेव्हां मत मागावयाचें तें खातेदाराकडे. १९५२ सालीं अमरावतीकडून ते लोकसभेवर गेले, तेव्हां खातेदाराकडे मागितलें तसेंच त्याच्या सालदाराकडे, सालदाराच्या बायकोकडे आणि गांवाबाहेरच्या वस्तीकडेही मागावें लागलें. मनुष्य तोच, जिल्हा तोच. यादी तेवढी निराळी झाली.

१९५० च्या कायद्यानें तर जुन्या यादीवर स्पष्टच बोट ठेवलें. त्याच्या २० व्या कलमांत सांगितलें आहे कीं, केवळ घराची मालकी किंवा ताबा आहे एवढ्यावरून कोणी त्या मतदारसंघाचा सामान्य रहिवासी ठरत नाहीं. १९२० सालीं घर-जमीन असली कीं मत. १९५० पासून घर-जमीन असली तरी राहणें पाहिजे. आणि त्याच कलमांत आणखी असें आहे कीं, मनुष्य तात्पुरता बाहेरगांवीं गेला म्हणून त्याचा रहिवास सुटत नाहीं. हें वाक्य आमच्या मजुरवर्गानें पाठ करून ठेवावें. हंगाम सरला कीं चार महिने कामाला पुण्याकडे किंवा नागपुराकडे जाणारी कुटुंबें आमच्या भागांतही आहेत. दाराला कुलूप पाहून "येथें राहत नाहींत" असा शेरा पडला, तर तो शेरा खोडून काढण्यास कायदा त्यांच्या बाजूस उभा आहे. नांव कमी करण्यापूर्वीं त्या मनुष्यास म्हणणें मांडण्याची संधि दिली पाहिजे, असें २२ वें कलम सांगतें. निर्णय पटला नाहीं तर जिल्हाधिकाऱ्याकडे अपील आहे. पण जो विचारावयास जाईल त्यालाच हें सारें.

येथें उलट बाजूही प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. जो बिऱ्हाडासह पुण्यास कायमचा गेला, त्यानें गांवच्या यादींतही नांव ठेवावें आणि तेथेंही चढवावें, हें बरोबर नाहीं. एका मनुष्याचें नांव एकाच ठिकाणीं, हा कायदा आहे. खोटें लिहून देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद आहे. मेलेल्यांचीं नांवें यादींत राहूं देणें हेंही आम्हांस पसंत नाहीं. आजोबा जाऊन दहा वर्षें झालीं आणि यादींत ते अजून मतदार, ह्यांत कसली पितृभक्ति? मेलेल्याच्या नांवावर दुसरा कोणी मत टाकून गेला, तर तें जिवंताच्या मताला मारक होतें.

परंतु यादी साफ करण्याच्या नांवाखालीं जिवंत मनुष्य झाडला जाऊं नये, हें पाहणें आमचें काम आहे. बिहारांत २०२५ सालीं यादीची विशेष फेरतपासणी झाली. १ ऑगस्टला मसुदा निघाला तेव्हां आधींच्या यादींतलीं सुमारें पासष्ट लाख नांवें त्यांत नव्हतीं. मेले किती, स्थलांतर झाले किती, दोनदां असलेले किती, ह्यावर मोठा वाद झाला. शेवटीं १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानें हुकूम दिला कीं, वगळलेलीं नांवें कारणांसह लोकांपुढें मांडा. ह्यापासून आम्ही घ्यावयाचें तें हें : ठेवलेल्यांची यादी वाचावी तशीच काढलेल्यांचीही वाचावी. काढलेल्याची खबर बहुधा त्यालाच शेवटीं लागते.

आतां कोणी म्हणेल, पांच वर्षांतून एक दिवस मत. त्यासाठीं एवढी यातायात कां? त्यास उत्तर असें. विधानसभेची यादी हीच मूळ यादी आहे. तीच लोकसभेस चालते. तीच प्रभागाप्रमाणें फोडून ग्रामपंचायत, पंचायत समिति, जिल्हा परिषद आणि नगर परिषद यांना लावतात. तेथें नांव नाहीं म्हणजे सरपंचालाही मत नाहीं आणि खासदारालाही नाहीं. धामणगांवकरांना तर हें अधिक लक्षांत ठेवलें पाहिजे. २००८ च्या पुनर्रचनेनें धामणगांव रेल्वे हा विधानसभेचा ३६ क्रमांकाचा मतदारसंघ झाला. जिल्हा अमरावती, परंतु लोकसभेला आम्ही वर्ध्यांत. एका कामासाठीं अमरावतीस तोंड करावयाचें, दुसऱ्यासाठीं नदीपलीकडे. ह्या दोन दिशांच्या ओढाताणींत आमच्या नांवाची चौकशी दुसरा कोणी करील, हा भरंवसा धरूं नये.

जुनी यादी पुरती मेलेली नाहीं हेंही पाहून ठेवा. बाजार समितीच्या निवडणुकींत पिढ्यान् पिढ्या सोसायटीचे संचालक आणि पंचायतीचे सभासद यांनींच मत द्यावयाचें, आणि कापूस आणणाऱ्यानें बाहेर बंडीपाशीं थांबावयाचें, अशी रीत होती. २०१७ सालीं कायदा बदलून निदान दहा गुंठे जमीन असणाऱ्या, आणि पांच वर्षांत तीन वेळां त्या बाजारांत माल विकणाऱ्या कास्तकारास थेट मत देण्यांत आलें. २०२० सालीं तें काढून घेण्यांत आलें. दिलें तेव्हांही बटाईवाला त्यांत नव्हता, हें आमच्या वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. हा विषय मोठा आहे. त्यावर स्वतंत्र लिहूं.

आमची सूचना साधी आहे. सातबाऱ्याचें चावडीवाचन आपल्या लोकांस ठाऊक आहे. तसेंच मतदारयादीचें करा. मसुदा निघतो तेव्हां तो पाहण्यास खुला असतो, आणि मान्यता असलेल्या पक्षांस त्याच्या प्रती फुकट मिळतात. तेव्हां गांवांतल्या पक्षवाल्यास गांठून यादी मागा, ती कांहीं त्याच्या घरची नव्हे. दहावी शिकलेल्या दोन पोरांस आणि एका पोरीस बसवा. देवळापुढें वाचली तर सारी वस्ती येणार नाहीं, म्हणून पाटीलपुऱ्यांत एक दिवस, बौद्धवाड्यांत एक दिवस, कोष्टी-तेली-सुतारांच्या आळींत एक दिवस, पारध्यांच्या बेड्यावर एक दिवस, अशी वाचा. वेळ रात्रीची ठेवा, म्हणजे वावरांतून आलेली बाई जेवण करून बसूं शकेल. आणि तिचें नांव तिच्या तोंडून विचारा, सासऱ्याच्या नव्हे.

नांव नसेल त्यासाठीं नमुना ६. चुकलें असेल किंवा दुसऱ्या गांवाहून आलें असेल त्यासाठीं नमुना ८. मेलेल्याचें काढावयास किंवा खोट्या नांवास हरकत घ्यावयास नमुना ७. मताचें वय १९८९ पासून एकवीसावरून अठरावर आलें, हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु पूर्वीं १ जानेवारीचीच एक तारीख धरीत, ती आतां चार झाल्या आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. मुलगा श्रावणांत अठराचा झाला तर पुढल्या वर्षाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आणि एक तारीख सगळ्यांत महत्त्वाची. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस गेला कीं त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. मग कोणाच्याही ओळखीनें, कोणत्याही पुढाऱ्याच्या चिठ्ठीनें नांव चढत नाहीं. पुढारी तेव्हां गांवांत फिरूं लागलेले असतात, म्हणून आपल्या लोकांस वाटतें कीं आतां काम होईल. तेव्हां उशीर झालेला असतो.

त्या शाळेपाशीं भेटलेल्या बाईचा नमुना ६ पुढें आठ दिवसांनीं भरला गेला. शाळेच्या दाखल्यावरचें तिचें माहेरचें नांव ठेवावें कीं सासरचें, ह्यावर घरांत दोन दिवस खल झाला. शेवटीं तिनेंच सांगितलें तें लिहिलें.